स्लाइडमध्ये नसलेला रविवार

यशपालदादा गजभिये जपानहून आले ते एक नवीनच खोड घेऊन. सकाळी कामाला निघताना ते दारापाशी उभे राहायचे, स्वयंपाकघराकडे बोट रोखायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "शेगडी बंद." मग खिडकीकडे बोट, "खिडकी बंद." मग खिशाकडे, "किल्ली आहे." तिकडच्या कारखान्यांत आणि रेल्वेत अशी पद्धत आहे म्हणे. नुसतं बघून भागत नाही. बोट दाखवून तोंडानं म्हटलं की माणूस चुकत नाही. ते तिसऱ्या मजल्यावर आणि मी त्यांच्या बरोबर खाली दुसऱ्यावर, त्यामुळे रोज सव्वासहाला ही कवायत माझ्या डोक्यावर चालायची. त्यांची बायको यामिनीताई म्हणायची, गेले तेव्हा इंजिनीअर होते, आले ते स्टेशनमास्तर होऊन.

मी मीनल, मूळची नाशिकची. ड्रेस्डेनला शिकायला आले आणि भाषांतराची नोकरी धरून इथेच राहिले. माझं जर्मन बरं आहे हा माझा गुन्हा. इथल्या निम्म्या मराठी संसारांचे फॉर्म मी भरलेत. व्हिसा, घरमालक, डॉक्टर, कुठेही अडलं की मीनल. त्यामुळे लोकांच्या घरातलं नको तेवढं मला कळतं आणि ते पोटात ठेवावं लागतं. यशपालदादांचं मात्र काही पोटात ठेवावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं, कारण हा माणूस स्वतःच सगळं सांगून टाकणारा.

नागपूरच्या अजनी लोकोशेडमधले फिटर विठ्ठल गजभिये यांचा हा धाकटा मुलगा. वडिलांनी दोन गोष्टी शिकवल्या: नट किती आवळायचा, आणि बावीस प्रतिज्ञा. दोन्ही त्यांच्या अंगात मुरलेल्या. चिपच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनीअर म्हणून ते २००६ साली इथे आले. पुरावा नसेल तर बोलायचं नाही आणि असेल तर दहा मिनिटांपेक्षा कमी बोलायचं नाही, हा त्यांचा खाक्या. बाहेरच्या खोलीत प्रतिज्ञांची चौकट लावलेली होती. आमच्या मराठी मंडळाच्या सत्यनारायणाला ते यायचे नाहीत, पण त्याच संध्याकाळी जेवायला यायचे आणि मठ्ठ्यात आलं कमी पडलंय, हेही सांगायचे. मला ते आवडायचे. डोकं उठवायचे, पण आवडायचे.

२०१२ च्या शरदात कंपनीनं त्यांना सहा आठवडे जपानला पाठवलं. क्यूशू बेटावर यंत्रं बनवणारी एक कंपनी होती, तिथे नवीन यंत्र शिकून यायचं होतं. परत आल्यावर जानेवारीत मंडळानं त्यांचं भाषण ठेवलं. स्लाइड्स एकशे चाळीस. मी मोजल्या नाहीत, त्यांनीच सुरुवातीला सांगितलं.

खरं बोलायचं तर भाषण चांगलं झालं. शाळेतली मुलं स्वतःचा वर्ग स्वतः झाडतात, फडकी घेऊन ओणवी होऊन जिने पुसतात. संडासात जायच्या सपाता वेगळ्या आणि त्या बाहेर घालून आलं की सगळं घर कसं दुसरीकडे बघतं. दुकानाच्या दारात ओल्या छत्रीला घालायची पिशवी. गाडी सुटताना फलाटावरचा माणूस रिकाम्या फलाटाकडे बोट दाखवून ओरडतो, कुणी बघत नसलं तरी. यशपालदादा म्हणाले, जर्मन माणूस नियम पाळतो तो नियम आहे म्हणून. जपानी माणूस पाळतो तो शेजारी कुणीतरी बसलंय म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी विचारलं, बौद्ध देश ना तो, तिथली विहारं कशी आहेत? यशपालदादांनी एका देवळाच्या दरवाज्याची स्लाइड दाखवली आणि म्हणाले, "बाहेरून पाहिली." आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

जन्मानं, विचारानं आणि उत्साहानं बौद्ध असलेला हा माणूस सहा आठवडे जपानमध्ये राहतो आणि देऊळ बाहेरून पाहतो? पाणी कुठेतरी मुरत होतं. शेवटच्या रांगेत यामिनीताई प्लेटांत ढोकळा मांडत होती. तिनं मान वर केली नाही.

पुढच्या महिन्यात एका सकाळी आम्ही दोघं एकाच ट्रामची वाट बघत उभे होतो. बर्फ पडून गेलेलं होतं. समोरून किटातल्या, म्हणजे इथल्या बालवाडीतल्या, मुलांची रांग चालली होती, जोड्या करून, सगळ्यांच्या अंगात पिवळी जाकिटं, पुढे एक बाई, मागे एक बाई. यशपालदादांचं बोट वर गेलं. ते एकेका मुलाकडे बोट दाखवत होते, ओठ हलत होते. मला वाटलं मोजतायत. एका लाल लोकरी टोपीपाशी बोट थांबलं आणि थांबूनच राहिलं. टोपी पुढे सरकली तसं बोटही सरकलं. मागची बाई थांबली आणि काय चाललंय, असं तिनं जरा चढ्या आवाजात विचारलं. मी काहीतरी सारवासारव केली. त्यांचा हात धरून खाली घेतला.

ट्राम आली आणि गेली. कोपऱ्यावरच्या बेकरीत मी त्यांना बसवलं. कॉफी समोर थंड होत होती आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. भाषण देताना सांगायचे तसं नाही. मध्येच थांबत, मागे जात.

२००९ च्या ऑक्टोबरात यामिनीताईला एकविसावा आठवडा चालू असताना बाळ गेलं, एवढं मला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं. वजन तीनशे ऐंशी ग्रॅम. पाचशेच्या खाली असलं की जर्मन कायद्याच्या लेखी तो जन्मही नाही आणि मृत्यूही नाही. यामिनीताई औषधाच्या गुंगीत होती. नर्सनं दादांना विचारलं, बघायचंय का? त्यांनी पाहिलं. आईला दाखवू का, असं विचारल्यावर ते नको म्हणाले. पुढचं सगळं हॉस्पिटलनं करावं, अशा कागदावर सही केली. एप्रिलमध्ये पत्र आलं: अशा सगळ्या बाळांचं एकत्र दफन अमुक दफनभूमीत, अमुक तारखेला आहे, आईवडील येऊ शकतात. पत्र त्यांनी शब्दकोश घेऊन वाचलं, घडी केली आणि ऑफिसात यंत्राच्या मॅन्युअलमध्ये ठेवून दिलं. यामिनीताईनं एकदाच विचारलं होतं, तिचं काय केलं? ते म्हणाले होते, हॉस्पिटल बघतं ते. तिनं पुन्हा विचारलं नाही. फक्त त्या हॉस्पिटलवरून जाणारी ट्राम सोडली. ती एका वृद्धाश्रमात काम करते. तिथे पोचायला तेव्हापासून दोन ट्राम बदलून जात होती.

"मला वाटलं, बोललं नाही की विसरेल," ते म्हणाले. "आपल्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, आत्मा नाही. मग करायचं काय होतं?"

मग त्यांनी क्यूशूमधला तो रविवार सांगितला.

त्यांना यंत्र शिकवणारे ओकादा-सान पन्नाशीपुढचे, कमी बोलणारे. बोट दाखवून म्हणायची सवय त्यांनीच लावली होती. भारतातून बौद्ध माणूस आलाय याचं त्यांना फार अप्रूप. म्हणून रविवारी स्वतःच्या गाडीनं त्यांना गावाबाहेरच्या टेकडीवरच्या देवळात नेलं. देवळामागच्या उतारावर दगडाच्या शेकडो मूर्ती होत्या, वीतभर उंचीच्या, मिटल्या डोळ्यांच्या, भिक्षूसारख्या पण चेहरे बाळांचे. प्रत्येकीच्या डोक्याला लाल टोपी, गळ्यात लाल लाळेरं. काही टोप्या नव्या, काही उन्हापावसानं पांढुरक्या. तो क्षितिगर्भ बोधिसत्त्व, ओकादा-सान म्हणाले. न जन्मलेल्या मुलांना सांभाळतो. मग त्यांनी खिशातून एक नवं लाळेरं काढलं, तिसऱ्या ओळीतल्या एका मूर्तीचं जुनं सोडून नवं बांधलं, पेल्यात पाणी ओतलं, ओल्या रुमालानं तिचं तोंड पुसलं. त्यांच्या घरी एक मुलगी होती, कॉलेजात जाणारी. ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, मला दोन मुली आहेत, एक इथे असते. आणि तुम्हाला?

"मी म्हटलं, नाही. मुलं नाहीत," यशपालदादा म्हणाले.

एवढंच म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. पण समोरच्या त्या टोप्या बघून ते घाबरले होते, आणि घाबरले की ते भाषण देतात. त्यांनी ओकादा-सानांना समजावून सांगितलं की हा खरा धम्म नव्हे, बुद्धानं आत्मा सांगितलेला नाही, दगडाला टोपी घातल्यानं कुणाचं काही होत नाही, आणि आम्ही असली कर्मकांडं सोडण्याची प्रतिज्ञा घेतलीय. हातात ते जुनं फिकट लाळेरं धरलेल्या बापाला हे सगळं सांगितलं. ओकादा-सानांनी ऐकून घेतलं. मग कमरेत वाकून म्हणाले, माफ करा, तुम्हाला त्रास झाला. दुसऱ्या दिवशी ओकादा-सान नेहमीसारखे यंत्रापाशी उभे होते, बोट दाखवत.

परत आल्यापासून यशपालदादांना लाल टोप्या दिसायला लागल्या. किटाच्या रांगेत, सुपरमार्केटच्या ट्रॉलीत बसवलेल्या, समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या. दिसली की वय मोजलं जायचं. आता तीन वर्षांची. आता बोलली असती. ज्या दगडाचं तोंड ओकादा-सान पुसत होते तो दगड इकडेच तोंड करून होता, असं त्यांना आठवायचं. मग वाटायचं, नव्हता. रोज सकाळी "किल्ली आहे" म्हणून झालं की बोट आपोआप छोट्या खोलीकडे जायचं, जिथे आता इस्त्रीचं टेबल असतं. तिथे काय म्हणायचं ते सुचायचं नाही. बोट तसंच राहायचं.

ती जागा मला ऐकून माहीत होती. "किल्ली आहे" आणि दार लागण्याचा आवाज यांच्यामध्ये रोज एक थांबा असायचा. किल्ली सापडत नसेल असं मला वाटायचं.

मी त्यांना म्हटलं, ताईला सांगा. ते म्हणाले, ती सोडून जाईल. आणि त्यांची ती भीती खोटी नव्हती. मीही गप्प बसले. पण त्या दिवसापासून रविवारी तिच्या हातचा चहा पिताना मला तिच्याकडे नीट बघता येईना.

मे महिन्यात जर्मनीत कायदा बदलला. पाचशे ग्रॅमखालच्या बाळांचीही आईवडिलांना हवी असल्यास स्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत, नोंद करता येईल, नावानिशी दाखला मिळेल, आधी गेलेल्यांचाही. इथे अशा बाळांना ताऱ्यांची मुलं म्हणतात. बातमी वाचून यशपालदादा माझ्या दारात उभे. तिथली टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घे म्हणाले. त्यांना गुपचूप दाखला काढायचा होता. काढून काय करणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

स्टांडेसआम्टमधली बाई मऊ आवाजाची होती. तिनं फॉर्म पुढे केला. मुलगा की मुलगी? मुलगी, ते म्हणाले. नाव? यशपालदादा माझ्याकडे बघू लागले. नाव नव्हतंच. बरं, काही हरकत नाही, बाई म्हणाली, घरी बोलून ठरवा. आणि आईचा मुटरपास घेऊन या. गरोदर बाईची सगळी नोंद असलेली ती पुस्तिका यामिनीताईच्या कपाटात, साड्यांखाली होती. हो, आणतो, ते पटकन म्हणाले.

जिन्यात माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "चोरून आणणार असाल तर मी येणार नाही. तिची मुलगी तिच्यापासून एकदा लपवलीत, आता तिचं नावही तुम्हीच ठेवणार?" ते पायरीवर बसले. लोक वळसा घालून जात होते. मग ते म्हणाले, सांगतो, पण तू तिथे बस.

रविवारी दुपारी यामिनीताई मेथी निवडत होती. यशपालदादांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. सही सांगितली, पत्र सांगितलं, ओकादा-सान सांगितले, काही वगळलं नाही. मग घडीवर पिवळं पडलेलं पत्र तिच्यासमोर ठेवलं. तिनं हात पुसले आणि ते स्वतः वाचलं. तारखेपाशी थोडा वेळ थांबली.

"मला वाटायचं कचऱ्यात टाकली," ती म्हणाली. "साडेतीन वर्षं मला वाटायचं, हॉस्पिटलच्या कचऱ्यात टाकली. आणि तुम्हाला माहीत होतं ती कुठं आहे."

यशपालदादा प्रतिज्ञांबद्दल काहीतरी पुटपुटले. यामिनीताईचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता आणि तेव्हाही चढला नाही.

"प्रतिज्ञा मलाही पाठ आहेत. रडायचं नाही असं कुठल्या प्रतिज्ञेत लिहिलंय?"

मग तिनं विचारलं, कशी होती? आणि एकशे चाळीस स्लाइड्सचा तो माणूस अडखळत सांगू लागला. माझ्या तळहातापेक्षा थोडी मोठी. डोळे मिटलेले. बोटांना नखं फुटायला लागलेली. कपाळ तुझ्यासारखं. नर्सनं फिकट पिवळ्या कापडात गुंडाळलं होतं आणि एक पाय बाहेर राहिला होता, तो तिनं पुन्हा आत घेतला. यामिनीताई एकेक गोष्ट पुन्हा विचारत होती, कापड कसलं, कुठला पाय. संध्याकाळ होत आली तरी तिचे प्रश्न संपले नाहीत. मी मेथी निवडून टाकली, दुसरं काय करणार.

दाखला काढायला ती मला घेऊन गेली, त्यांना नाही. रकान्यात तिनं उत्पला असं नाव लिहिलं, आधी जर्मन अक्षरांत, मग कडेला मराठीत. मराठी अक्षरं लागत नाहीत हे बाईनं सांगितलं नाही.

जूनमध्ये आम्ही दफनभूमीत गेलो. यशपालदादा बरोबर होते. फाटकापाशी यामिनीताई थांबली आणि म्हणाली, तुम्ही नका येऊ. ते थांबले. आत एका कोपऱ्यात हिरवळीचा तुकडा होता, कागदी भिरभिरी, भिजलेली खेळणी, रंगवलेले गोटे, लहान लहान नावं. नेमकी जागा कुणाची कुठली, ते कुणालाच माहीत नसतं. ताईनं मेणबत्ती लावली, गुडघे टेकले आणि त्रिसरण म्हटलं. श्राद्ध नाही, पिंड नाही, काही मागणं नाही. नंतर ती फार वेळ जमिनीवर हात ठेवून बसली. श्राद्ध-पिंड करणाऱ्या आमच्या घरांतही इतक्या लहान जिवाचं कुणी काही करत नाही. माझ्या मावशीचं असंच गेलं होतं आणि तिलाही कुणी काही विचारलं नव्हतं. ते मला तिथे पहिल्यांदा आठवलं आणि मी बाजूला जाऊन रडले.

तासाभरानं बाहेर आलो तर यशपालदादा सोडलं होतं त्याच जागी उभे. यामिनीताई त्यांना म्हणाली, "उद्या तुम्ही जा. एकटे जा." दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा काढली आणि गेले. परत आल्यावर त्यांनी मला काहीही सांगितलं नाही. ओकादा-सानांना त्यांनी इमेल लिहिली, की मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, मलाही एक मुलगी आहे. कंपनीकडून उत्तर आलं, ते निवृत्त झाले आहेत, पत्ता देता येत नाही. यशपालदादांनी आणखी दोनदा लिहिलं. तेच उत्तर.

यामिनीताई सोडून गेली नाही. एकाच घरात राहतात, एकमेकांची औषधं आठवणीनं आणतात, मंडळाच्या जेवणाला बरोबर येतात. दफनभूमीत मात्र ती शनिवारी जाते आणि ते रविवारी. सहा वर्षं झाली, एकदाही एकत्र गेलेले नाहीत. मागच्या वर्षी न राहवून मी ताईला विचारलं, अजून राग आहे का गं?

"राग नाही," ती म्हणाली. "केव्हाच गेला. पण तिथे ते शेजारी उभे राहिले ना, की मला ती दिसत नाही. तेच दिसतात, ते पत्र वाचून घडी करताना."